सात वाजताचं दार

आमच्या कॉलेजात माणसाची किंमत तो कुठल्या खुर्चीवर बसतो यावरून ठरते. हिरेमठ मॅडम ती ठरवायच्या तो खुर्चीवर किती वेळ बसू शकतो यावरून. या मोजमापात आमचे प्राचार्य, पुण्याहून आलेले आर्किटेक्ट आणि प्रस्तुत लेखक असे सगळे नापास झालेले आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

मॅडम आमच्या ग्रंथपाल. मूळच्या अक्कलकोटच्या. घरात कानडी, कॉलेजात मराठी आणि राग आला की दोन्ही. ठेंगण्या, इरकल साडीतल्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधणाऱ्या. वेळ बघायला त्या तळहात वर करायच्या आणि समोरच्याला वाटायचं, बाई आता काहीतरी मागणार. ग्रंथालयात कुणीही शिरलं की मान वर न करता म्हणायच्या, "कुंद्री." म्हणजे बसा. नव्या प्राध्यापकाला वाटे, काय हा पाहुणचार! पाहुणचार कसला, परीक्षा असायची ती. माणूस बसला की त्याच्यापुढे एक पुस्तक यायचं आणि मॅडम आपल्या कामाला लागायच्या. पाच मिनिटांत चुळबुळ करून जो मोबाईल काढी, तो त्यांच्या मनातून उतरे तो कायमचा. "उभ्या उभ्या शिकलेला माणूस हाय," एवढंच त्याच्याबद्दल पुढे म्हणत. आमच्या स्टाफरूममधले बहुतेक जण उभ्या उभ्या शिकलेले होते.

प्राध्यापकांचं आणि पुस्तकांचं नातं मॅडमना पुरतं ठाऊक होतं. आमच्यातल्या एका विभागप्रमुखांनी एक जाडजूड शब्दकोश नेला तो वर्षानुवर्षं परत केला नाही. सर तो "सतत वापरात" असल्याचं सांगत. पुढे त्यांनी नवा फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. मॅडम गेल्या, पुरणपोळी जेवल्या, वहिनींच्या हातचं कौतुक केलं, आणि उठताना हॉलमधल्या शोकेसची काच सरकवून शब्दकोश काढला. तो पिशवीत घातला आणि पर्समधून कार्ड काढून यजमानांची सही घेतली. "लई वापरलाय बघा सर, पानं अजून चिकटलेलीच हायत," असं जाताना दारात म्हणाल्या. सगळे पाहुणे ऐकत होते.

दुपारी पावणेदोनला त्या डबा उघडायच्या. कडक भाकरी, शेंगाचटणी. भाकरी मोडल्याचा आवाज वाचनकक्षाच्या टोकापर्यंत जायचा आणि ग्रंथालयात परवानगी असलेला तेवढा एकच आवाज होता. मला त्यांचा राग यायचा. मी इतिहास शिकवतो, आणि माझ्याकडे बघताना त्या चष्म्यावरून बघत. वाचायचं असलं की काचेतून, तोलायचं असलं की काचेवरून.

आता सात वाजताची गोष्ट. ती कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

आमचं कॉलेज वाढत गेलं. कॉलेज वाढतं म्हणजे विद्यार्थी वाढतात आणि खोल्या तेवढ्याच राहतात. सकाळी सायन्सवाल्यांनी वर्ग अडवले, म्हणून आर्ट्‌सचे तास साडेदहाला ढकलले. ढकलताना एसटीचं वेळापत्रक कुणी पाहिलं नाही. मंद्रूपच्या बाजूच्या गावांतून येणारी पहिली गाडी पावणेसातला आमच्या गेटसमोर थांबते. तिच्यानंतरची गाडी येईपर्यंत आमचे दोन तास होऊन गेलेले असतात. म्हणजे त्या गावांतल्या पोरींना पावणेसातला यायचं आणि साडेदहापर्यंत कुठंतरी बसायचं. कुठं, हा प्रश्न आमच्या कॉलेजच्या कुठल्याही समितीपुढे आला नव्हता.

मॅडमपुढे तो आला, कारण एका वर्षी एक हुशार मुलगी दिवाळीनंतर यायचीच बंद झाली. मॅडमनी चौकशी केली. सकाळचा वेळ ती एसटी स्टँडच्या बाकावर काढत होती. गावातल्या कुणीतरी ते पाहिलं आणि तिच्या वडलांना सांगितलं. विषय संपला, पुढच्या उन्हाळ्यात लग्न. तेव्हापासून मॅडम सकाळी सातला जुन्या वाचनकक्षाचं कुलूप स्वतः उघडायला लागल्या. तिथली सागवानी लांब टेबलं, कडक बाक आणि करकरणारे पंखे, एवढ्यात चाळीसेक पोरी साडेदहापर्यंत बसत. कुणी अभ्यास करी, कुणी वेणी घाली, कुणी डोकं टेकून झोपे. झोपलेल्या मुलीला मॅडम उठवत नसत. प्राध्यापक पेंगताना दिसला, तर मात्र उठवत.

हे त्यांनी करावं असं कुठल्या नियमात नव्हतं. नोकरी दहाची होती.

मग संस्थेने ठरवलं, नवं ग्रंथालय बांधायचं. प्राचार्य त्याला ग्रंथालय म्हणत नसत. "लर्निंग स्पेस" म्हणत. मोठी तपासणी समिती यायची होती आणि तिला दाखवायला काहीतरी चकचकीत हवं होतं. इमारत समिती नेमली. मी तिचा सचिव, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मी वाद घालत नाही. मॅडम पदसिद्ध सदस्य.

आर्किटेक्ट पुण्याहून आले. पांढरे बूट, लॅपटॉप, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत खोके काढायची सवय. पडद्यावर चित्रं आली. पश्चिमेला तीन मजले उंच काच. आत रंगीत बीनबॅग. एकेकट्याने बसायच्या गुहा, त्यांना ते "पॉड" म्हणाले. दर्शनी भागात ऐसपैस पायऱ्या, त्यावर मुलं गप्पा मारत शिकणार. चित्रातली मुलं गोरी होती, त्यांच्या हातात कॉफीचे पेले होते आणि एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. सोलापुरात पश्चिमेला काच लावणाऱ्याने आमचा एप्रिल कधी पाहिलेला नसतो. पण प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

"काही शंका?" आर्किटेक्टनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "दार कुटं हाय?"

"मॅडम, हे काय, ग्रँड एंट्रन्स! पूर्ण काचेचा."

"ते दिसलं. दुसरं कुटं हाय?"

दुसरं नव्हतं. आर्किटेक्टनी समजावून सांगितलं, की एकच दार असलं की नियंत्रण राहतं, कार्ड दाखवल्याशिवाय कुणी आत येत नाही, पुस्तक चोरीला जात नाही. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या छापील नकाशावर, वाचनकक्षाच्या पूर्वेच्या भिंतीत, रस्त्याच्या बाजूला, दोन आडव्या रेघा मारल्या.

"हितं एक दार पायजे. वेगळ्या कुलपाचं. म्हणजे पुस्तकांचा भाग बंद ठेवून नुसती वाचायची खोली सकाळी सातला उघडता येईल. पोरी गाडीतून उतरल्या की थेट आत. मी अजून दोन वर्षं हाय. माझ्यानंतर जो कोण येईल त्याला एक किल्ली द्या, बास. बाकी तुमच्या गुहा कुठल्या रंगाच्या करायच्या त्या करा की."

"त्याने एलेव्हेशन बिघडेल," आर्किटेक्ट म्हणाले.

"रस्त्यावरनं इमारत कशी दिसते तेला एलेव्हेशन म्हणतात न्हवं? रस्त्यावर बसलेल्या पोरी कशा दिसतात, तेला काय म्हणतात ओ?"

प्राचार्यांनी चहा मागवला. आमच्याकडे प्रश्न अवघड झाला की चहा येतो.

पुढच्या बैठकीला फर्निचरचे नमुने आले. बीनबॅग, उंच स्टूल, एक पॉड. पसंती कळवायची होती. मॅडम म्हणाल्या, पसंती बघून नाही, बसून सांगायची. प्रत्येकाने एका आसनावर एक तास बसायचं, हातात पुस्तक, मोबाईल टेबलावर. प्राचार्यांना ही कल्पना खेळकर वाटली. फोटोग्राफरला बोलावून ते बीनबॅगमध्ये बसले. आर्किटेक्ट आपल्याच पॉडमध्ये. मी स्टुलावर. आणि मॅडमनी आतून रेणुकाला हाक मारली. मंद्रूपजवळच्या गावातली ही मुलगी तेव्हा पहिल्या वर्षाला होती. तिला त्यांनी जुन्या सागवानी बाकावर बसवलं.

"कुंद्री," मॅडम म्हणाल्या आणि तळहात वर करून वेळ बघितली.

पहिली पाच मिनिटं फोटोत गेली. दहाव्या मिनिटाला माझे लोंबते पाय बधिर झाले. आर्किटेक्ट आपल्या गुहेत मान तिरकी करून बसले होते, कारण सरळ केली असती तर डोकं वर आपटलं असतं. अठराव्या मिनिटाला प्राचार्यांचा फोन टेबलावर थरथरला. ते तो घ्यायला उठू लागले आणि उठता येईना. बीनबॅगमध्ये माणूस आत जातो, बाहेर यायची सोय नसते. एक हात मी धरला, एक आर्किटेक्टनी. "हळू, हळू," असं प्राचार्य ओरडत होते. शेवटी ते कुशीवर वळून, आधी गुडघ्यांवर येऊन उभे राहिले. फोटोग्राफर तेवढ्यात गेला होता, हे आमच्या कॉलेजचं नुकसान.

रेणुकाने मान वर केली नाही. तिने पान उलटलं.

तासाने मॅडमनी तिला विचारलं, "किती पानं झाली?"

"एकवीस, मॅडम. अजून बसू का?"

"बघा," मॅडम आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हिला बसायची सोय करायची हाय आपल्याला. तुमच्यापैकी कुणालाच बसायचं न्हाय."

याच्यावर प्राचार्य म्हणाले, "त्या मुलीला सवय आहे," आणि बैठक पुढे चालू केली. बीनबॅग मंजूर झाल्या. पूर्वेचं दार "सखोल विचारांती" वगळलं.

"माझा विरोध लिहा," मॅडम मला म्हणाल्या.

मी पेन उचललं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बढतीची फाईल तेव्हा त्यांच्या टेबलावर होती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी इतिवृत्तात लिहिलं, "ठराव सर्वानुमते मंजूर."

दोन दिवसांनी मॅडमनी ते इतिवृत्त वाचलं. काचेतून. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सर, तुमी इतिहास शिकवता न्हवं?"

"हो."

"मग बरोबर हाय. असाच लिहितात तर."

एवढं बोलून त्या गेल्या. बढती मिळाली. तिच्या पेढ्यांतला एक पेढा मी त्यांच्या टेबलावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता, मुंग्या लागलेला.

इमारतीचा पाया भरेपर्यंत मॅडम गप्प होत्या. मला वाटलं, हरल्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बरोबर असणारा माणूस रोज समोर असणं फार त्रासाचं असतं. पण एके दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर अग्निशमन कार्यालयाचं पत्र आलं. कुणीतरी लेखी विचारलं होतं, की एवढी माणसं बसणाऱ्या वाचनकक्षाला बाहेर पडायला एकच वाट चालते का. सोबत नकाशा जोडला होता. नकाशावर पूर्वेच्या भिंतीत पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. उत्तर असं होतं, की चालत नाही, दुसरी वाट करा, नाहीतर परवाना मिळणार नाही.

प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मी इतिवृत्ताची वही घेऊन कोपऱ्यात.

"मॅडम, हे तुम्ही केलंत?"

"मी नुसतं इचारलं, सर. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले होते. रजेचा अर्ज तुमच्याच सहीचा हाय."

"संस्थेच्या बाहेर जायची काय गरज होती?"

"आत कुणी लिहून घेत नव्हतं की," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दार झालं. मॅडमनी रेघा मारल्या होत्या तिथेच झालं, लाल रंगाचं, वर "आपत्कालीन मार्ग" अशी पाटी. इतिवृत्तात मी लिहिलं, की प्राचार्यांच्या दूरदृष्टीने अतिरिक्त दाराची तरतूद करण्यात येत आहे. सर्वानुमते. उद्घाटनाच्या भाषणात प्राचार्य म्हणाले, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेशी आम्ही तडजोड करत नाही. टाळ्या झाल्या. मॅडम मागच्या रांगेत कडक भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण जांभई मोठी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लाल दार उघडं होतं. आठवड्याने प्राचार्यांनी मेमो काढला, की आपत्ती नसताना आपत्कालीन दार उघडण्यात येत आहे, खुलासा करावा. मॅडमचा खुलासा आमच्या कॉलेजच्या कागदपत्रांत मला सर्वांत आवडलेला आहे. "आपत्ती रोज सकाळी पावणेसातच्या गाडीने येते. सोबत यादी जोडली आहे." यादीत चव्वेचाळीस मुलींची नावं होती, समोर गाव. खाली सही आणि वेळ, सकाळी सात वाजून पाच मिनिटं.

त्यानंतर मेमो आला नाही.

एप्रिल आला तशी पश्चिमेची काच तापली. दुपारी तीननंतर आत उभं राहवेना. एसी धापा टाकायला लागले. काचेजवळच्या पुस्तकांचे रंग उडाले, बीनबॅगचा वास यायला लागला. आर्किटेक्टना फोन केला, ते म्हणाले, ही इमारत उजेडाशी संवाद साधते. मॅडमनी विणकरांच्या घरांतल्या मुलींना सांगितलं. त्या घरून डाग पडलेल्या, विकायच्या नसलेल्या चादरी घेऊन आल्या. मॅडमनी त्या काचेवर आतून वरपासून खालपर्यंत टांगल्या. मोर, कमळं, जाळीची नक्षी. प्राचार्यांनी पाहिलं आणि किंचाळले, "हे कॉलेज आहे की वाळवण? समिती यायच्या आत काढा!" काढायला शिड्या येईपर्यंत समितीच आली. समितीच्या अध्यक्षांनी चादरींकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, स्थानिक कलेचा इतका कल्पक वापर आम्ही कुठे पाहिला नाही. कुणाची कल्पना? प्राचार्य नम्रपणे हसले आणि खाली मान घातली. एवढ्या मानेवर आम्हाला वरची श्रेणी मिळाली.

मॅडम कपाटामागे होत्या. "साकु," असं म्हणाल्याचं मी ऐकलं. कानडीत त्याचा अर्थ पुरे. मे अखेरीला त्या निवृत्त झाल्या.

त्यांची जागा भरली नाही. आमच्याकडे ग्रंथपालाची जागा भरत नाहीत, जो प्राध्यापक वाद घालत नाही त्याला अतिरिक्त कार्यभार देतात. म्हणून चार्ज माझ्याकडे आला. मॅडमनी तीन दिवस मला समोर बसवून सगळं मोजून दिलं, पुस्तकं, कपाटं, पंखे. बीनबॅग मोजताना त्या पायाने मोजत. शेवटी एका सुतळीत ओवलेली किल्ली टेबलावर ठेवली.

"ही सातची," म्हणाल्या.

मला वाटलं, आता काहीतरी सांगतील, विनवतील. मी मनात उत्तरही तयार केलं होतं, बघतो, प्रयत्न करतो असं. त्यांनी ती संधी दिली नाही. पिशवी उचलली आणि अक्कलकोटला भावाकडे राहायला गेल्या. निरोप समारंभ त्यांनी आधीच नाकारला होता. "खोटं ऐकायला उभं राहवत न्हाय," असं कारण लेखी दिलं होतं.

जूनमध्ये प्राचार्य मला म्हणाले, "आता शिस्त लावा. दहा ते पाच. आणि ती लाल दाराची किल्ली ड्रॉवरमध्ये राहू दे." मी काचेवर सुबक अक्षरांत वेळ लिहिली. किल्ली ड्रॉवरमध्ये राहिली. मला घरून सातला यायला साडेसहाला निघावं लागलं असतं, आणि माझा सकाळचा चहा सातचा असतो. हे कारण आहे. दुसरं कुठलंही कारण मी दिलं तर ते इतिवृत्त होईल.

पोरी बाहेरच्या पायऱ्यांवर बसायला लागल्या. रस्त्याकडे तोंड, मांडीवर दप्तर, येणारेजाणारे बघतायत. तिसऱ्या दिवशी आर्किटेक्ट काही कामाने सकाळीच आले होते. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि हरखून फोटो काढले. दुपारी प्राचार्यांनी ते मला मोबाईलवर दाखवले. "बघा! मी म्हणत नव्हतो? मुली स्वतःहून पायऱ्यांवर शिकतायत. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हाच घ्या." फोटोत पुढच्याच पायरीवर रेणुका होती. ओढणी डोक्यावर ओढून, मान खाली घालून. मी म्हणालो, "छान आलाय." हे शब्द माझेच आहेत, म्हणून लिहितो.

पुढच्या सोमवारी माझ्या तासाला रेणुका नव्हती. मंगळवारीही नव्हती. तिच्या गावच्या मुलीला मी विचारलं.

"तिचा बा न्हाय म्हणला, सर."

"का?"

ती म्हणाली, "म्हणला, पायरीवरच बसायचं तर सोलापूरला कशाला जायचं? गावात देवळाला पायऱ्या हायत की."

मी तास अर्धाच घेतला. त्या दिवशी आमच्या प्रकरणाचं नाव स्त्री-शिक्षणाचा इतिहास असं होतं. फळ्यावर ते माझ्याच चांगल्या अक्षरात लिहिलेलं होतं. मला माझी इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती. मी ग्रंथालयात गेलो, ड्रॉवर उघडला आणि किल्ली खिशात घातली. संध्याकाळी मॅडमना फोन केला. जे झालं ते सगळं सांगितलं, पायऱ्या, फोटो, मुखपृष्ठ, रेणुका. मी थांबलो तेव्हा त्यांनी फक्त एक विचारलं, "गावात तिचं घर कुटल्या बाजूला हाय?" आणि फोन ठेवला.

बुधवारपासून मी सातला दार उघडायला लागलो. प्राचार्यांना कळलं, त्यांनी बोलावलं. मी म्हणालो, आपत्ती आहे, यादी जोडतो. आता माझी कुठलीच फाईल त्यांच्या टेबलावर नव्हती, त्यामुळे हे शौर्य स्वस्तात पडलं, हेही नमूद करतो.

पुढच्या सोमवारी स्कूटर सुरू होईना. मी घाम पुसत पोचलो तेव्हा पोरी लाल दारापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्यात मॅडम होत्या. इरकल साडी चुरगळलेली, हातात तीच पिशवी. शेजारी रेणुका. आदल्या दिवशी मॅडम अक्कलकोटहून निघून तिच्या गावी गेल्या होत्या. तिच्या बापाच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि तो हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. रात्री तिथेच राहिल्या आणि सकाळी पहिल्या गाडीने पोरीला घेऊन आल्या. हे मला नंतर रेणुकाने सांगितलं. "बा दोनदा रानात जाऊन आला, सर. मॅडम तितंच बसलेल्या."

मी कुलूप काढलं. पोरी माझ्या दोन्ही बाजूंनी आत शिरल्या. रेणुकाही गेली.

"मॅडम, आत या ना. बसा थोडं," मी म्हणालो.

त्यांनी तळहात वर करून घड्याळ बघितलं. मग चष्म्यावरून मला.

"सात दहा," म्हणाल्या. "मी त्या पोरीच्या बाला सात म्हणून सांगून आलेय, सर."

आणि रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर गेल्या. अक्कलकोटला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली त्यांना. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून बघत होत्या, लाल दाराकडे, माझ्याकडे नाही. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला दारापाशी उभा होतो. गाडी यायची होती.